खंडेनवमीला धुतलेला रेडिओ

ताडकळसच्या आमच्या घराला दार एकच आणि त्याला कड्या दोन. आतली कडी रात्री सगळ्यांसाठी लागायची, बाहेरची दिवसा माझ्या एकट्यासाठी. सकाळी माय, दादा आणि वहिनी शेताकडं निघायचे तेव्हाचा क्रम अजून माझ्या कानात जसाच्या तसा आहे. आधी दादाच्या वहाणांची करकर, मग वहिनीच्या टोपल्यात तांब्याला वाटी लागल्याचा आवाज, मग माय उंबऱ्यात थांबून रोज तेच सांगायची. भाकर झाकून ठेवली आहे, कोरड्यास तपेलीत आहे, चुलीकडं जायचं नाही, आडाकडं जायचं नाही. आड तर दाराच्या बाहेर होता, पण तोही सांगण्यात यायचाच. आणि मग कडी. जरा वाकलेली होती, त्यामुळं कोयंड्यात बसताना आधी घासायची आणि मग खट्कन बसायची. गाडीचा आवाज वेशीपलीकडं गेला की घरात मी, एक मांजर आणि माळवदातून झरणारी माती, एवढेच उरायचो. मांजर खिडकीच्या गजांतून बाहेर जायचं. मी एकदा डोकं घालून पाहिलं होतं. डोकं गेलं, कान आल्या वाटेनं परत यायला तयार होईनात, आणि संध्याकाळी दादानं गोडेतेल लावून ते सोडवलं.

नववीत असताना मला एक ताप आला. ताप उतरला, नजर परत आली नाही. ही गोष्ट मी जरा गळा दाटून सांगावी अशी लोकांची अपेक्षा असते, पण तेव्हा घरात इतकी माणसं रडत होती की माझ्या वाट्याला काही उरलंच नाही. बाहेरची कडी मात्र तापामुळं आली नाही, ती माझ्या शहाणपणामुळं आली. मला अंगण पाठ आहे असं मी सगळ्यांना सांगत असे, आणि ते पाठ होतंही. फक्त दादानं अंगणाच्या कडेला गोबरगॅसची टाकी खांदायला घेतली आहे हे पाठ करायचं राहिलं होतं. शीळ घालत, हात मागं बांधून, पाटलासारखा चालत मी त्या टाकीत कमरेपर्यंत उतरलो. टाकीत तोवर शेणकाला भरून झाला होता. मला काढायला अर्धी गल्ली आली, उरलेली अर्धी बघायला आली. वहिनीनं मला आडावर बसवून धुतलं, पण पुढं कित्येक दिवस मी जवळ आलो की लोक म्हशीची चौकशी करायचे. त्या संध्याकाळी माय देवापुढं नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दादानं सुताराला बोलावून बाहेरून कोयंडा ठोकून घेतला. कडी रागाची असती तर मी तिच्यावर लाथा घातल्या असत्या. ती मायेची होती, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि मायेवर ओरडायचं कसं ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

दिवस फार लांब असायचा. पिठाच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला की सकाळ, तो थांबला की दुपार, देवळातला भोंगा खरखरला की संध्याकाळ. माय दिवसभराचं म्हणून ठेवून गेलेलं जेवण मी गिरणी सुरू असतानाच संपवायचो, कारण दुसरं काही कामच नव्हतं. ज्वारीची भाकर, येसराची आमटी, कधी अंबाडीची भाजी, शेंगदाण्याचा ठेचा. खाऊन झालं की भिंतीला टेकायचं. भिंत कुठं गार आहे, कुठं पोपडे आलेत, कुठं मुंग्यांची वाट आहे, सगळं पाठ झालं. खिडकीशी उभं राहिलं की गल्लीतून जाणारे थांबायचे आणि मला ऐकू येत नाही अशा समजुतीनं एकमेकांशी बोलायचे. "बरं केलं नारायणनं कडी लावली," असं दादाचं नाव घेऊन एकजण म्हणायचा, दुसरा च्च च्च करायचा. मी हो ला हो मिळवायचो, मग ते दचकून चालते व्हायचे. एवढीच करमणूक.

खादर मास्तर त्या खिडकीतूनच माझ्या आयुष्यात आले. पूर्ण्याच्या स्टेशनात त्यांनी जन्मभर तारेची नोकरी केली होती. निवृत्त झाल्यावर तारेची खाज जाईना म्हणून हौशी रेडिओचा परवाना काढला होता. त्यांची बहीण आमच्या गल्लीत दिली होती, त्यामुळं आठवडी बाजाराच्या दिवशी यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी दाराला कडी पाहिली, आत कोणीतरी चमच्यानं ताट वाजवतंय हे ऐकलं, आणि खिडकीशी येऊन विचारलं, हे कोणतं गाणं म्हणायचं. मी म्हणालो, गाणं नाही, कंटाळा आहे. त्यांनी बोटातल्या अंगठीनं गजावर टकटक केली आणि म्हणाले, "ये देख, ये 'अ' हुआ." त्या दिवसापासून दर बाजाराला गजावर शिकवणी. लहान ठोका, मोठा ठोका, तारेची मोर्स लिपी. दादाकडून किल्ली... म्हणजे कडीला कुलूप नव्हतंच, मास्तर सहज उघडून आत आले असते, पण दुसऱ्याच्या घराची कडी मालक नसताना काढायची नाही हा त्यांचा दंडक. मी एकदा कुरकुर केली तर म्हणाले, "दरवाजेका क्या करना है बावा, आवाज खिडकीसेभी आती." खरं होतं. पण आवाज येतो आणि माणूस राहतो, हेही खरं होतं.

हौशी रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेला दादा मला घेऊन गेला, मास्तर सोबत होते. मोर्स मी असा घेतला की परीक्षकानं ठोके वाढवून पाहिले. परवान्याआधी पोलीस चौकशी असते. त्यासाठी आलेल्या शिपायानं मायला विचारलं, पोरगं परदेशाशी संबंध ठेवून आहे का. माय म्हणाली, ते आडाशीसुद्धा संबंध ठेवून नाही. शिपायानं चहा घेतला, नाव-पत्ता उतरवून घेतला आणि गेला. मग परवाना यायला इतका वेळ लागला की मला त्यात दाढी फुटली.

परवाना आल्यावर मास्तरांनी दोन पेट्या आणून माझ्या खाटेशेजारी फळीवर मांडल्या. एक ऐकायची, लष्कराच्या भंगारातली. एक बोलायची, त्यांनी स्वतः जोडलेली. हौशी रेडिओवाल्यांना सरकारनं हवेत थोडी थोडी जागा नेमून दिलेली असते, शेताला बांध असतात तशी. बांधाच्या आत हवं ते बोला, पलीकडं दुसऱ्याचं रान. डोळसाला बांध दिसतो, कारण तबकडीवर आकडे असतात आणि काटा असतो. माझ्या बोटांना नुसती काच लागायची. म्हणून सुरुवातीला दादा शेजारी बसून आकडे वाचायचा. तो दिवसभर औत हाकून आलेला. दोन आकडे वाचले की जांभई, तिसऱ्याला घोरणं. मला साऱ्या जगाशी बोलायची मुभा मिळाली होती, पण दादा जागा असेल तेवढीच. पहिल्या कडीच्या आत ही दुसरी कडी होती.

मास्तरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी बोलायच्या पेटीची काच काढून टाकली, फिरवायच्या मुठीला जाड तारेचा काटा बसवला, भोवती पुठ्ठ्याची गोल चकती लावली आणि विचारलं, घरात दाणा काय आहे. परभणी जिल्ह्यातल्या घरात असून असून काय असणार, ज्वारी. प्रत्येक खुणेला ज्वारीचा एक दाणा, दोन्ही बांधांवर एकेक हरभरा, आणि मी व मास्तर रोज भेटायचो त्या जागेवर मसुरीचा एक दाणा, चपटा, बोटाला लगेच वेगळा लागणारा. पहिल्यांदा मी ते पिठाच्या खळीनं चिकटवले, तर एका रात्रीत उंदरानं निम्मे दाणे खाऊन टाकले. मग डिंक आणला आणि त्यात कडू औषध कालवलं. पुढची अडचण मीटरची. पेटीचं आणि छपरावरच्या तारेचं जुळलं की मीटरचा काटा खाली झुकतो, नाही जुळलं तर आतला वाल्व, दिव्यासारखी काचेची नळी असते ती, तापून लाल होतो. लाल झालेलं मला कोण सांगणार? मास्तरांनी मीटरला एक गुणगुणणारी डबी जोडली. प्रवाह चढला की तिचा सूर चढायचा, उतरला की उतरायचा. मूठ फिरवत सूर सगळ्यात खाली आणायचा, झालं. वहिनी चुलीपासून म्हणायची, "भावजी, तुमचा डास आज लय रडायलाय." तारेत जोर किती जातोय हे पाहायला लोक बॅटरीचा इवला दिवा लावतात. त्याची ऊब ओठानं बघायची युक्ती माझी स्वतःची. एकदा जोर जरा जास्त होता. पुढं आठवडाभर ठेचा खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मायला वाटायचं, लेकरू नजरेच्या आठवणीनं रडायलंय.

आता माझ्या टेबलावरचा सेट बोलतो. बटण दाबलं की बाई आकडे सांगते, तेही थोडे रुबाबात. पण नव्या सेटांवर बटणं कमी आणि सपाट काच जास्त, बोट फिरवा आणि समजून घ्या. ठिकठिकाणची आंधळी पोरं मला फोन करून विचारतात, काका, ह्या काचेचं काय करायचं. मी त्यांना नेलपेंटचे थेंब, चिकटपट्टीचे तुकडे, असले उपाय सांगतो आणि सेट बनवणाऱ्यांना पत्रं लिहितो. त्यांचं उत्तर फार सभ्य असतं. गुळगुळीत वस्तूचा मला जो राग आहे, तो मात्र त्या दसऱ्यापासूनचा.

झालं असं, की मास्तरांनी बातमी आणली. पुण्याच्या एका शाळेत अंध मुलांना टेलिफोनच्या बोर्डावर बसायचं शिकवतात, राहायची सोय आहे, पुढं नोकरीही लागते. मास्तर हे ओसरीवर बसून सांगत होते, आणि माझ्या छातीत गिरणीचा पट्टा सुरू झाला. माय एकच म्हणाली, की तिकडं टाकी आहे का आड आहे का कोणाला ठाऊक. विषय मिटला असं तिच्या आवाजावरून कळलं. दादानं ओसरीवरची दोरी गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "मास्तर, ह्यो घरातल्या घरात पेटी एकल्यानं चालवून दावू दे. कोणी आकडे वाचायचे न्हाईत, कोणी हात लावायचा न्हाई. तुमी तिकडं ऐकलं म्हनून सांगा, मंग मी सोता ह्याला गाडीत बसवतो. न्हाई जमलं तर पुन्यांदा ही गोष्ट घरात काढायची न्हाई." दिवस ठरला दसऱ्याचा. सगळे सोनं लुटायला गावाबाहेर जातील, मी घरी एकटा, मास्तर पूर्ण्यात त्यांच्या पेटीपाशी. मी इतका खूश होतो की मधल्या दिवसांत सेटला हातसुद्धा लावला नाही, म्हटलं दाणे झिजायला नकोत.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. नांगर, कुळव, विळे, खुरपी, फवारायचा पंप, सगळं धुऊन पुसून हळदकुंकू लावून मांडायचं. वहिनी सकाळपासून आडावर घासत होती, ते मी ऐकत होतो. मधेच ती माझ्या खोलीत आली, बराच वेळ काहीतरी करत होती. मी बाजेवर पुरणाची पोळी खाऊन पडलो होतो. म्हणाली, भावजी, तुमचंबी हत्यारच की, तेवढं एकट्याचं कशाला ऱ्हाऊ द्यायचं. मला बरं वाटलं. माझ्या पेटीला घरानं पहिल्यांदा अवजार म्हटलं होतं. मी कुशीवर वळलो आणि झोपलो.

दसऱ्याच्या संध्याकाळी सगळे नवे कपडे घालून निघाले. हलगी वाजत लांब गेली. कडी घासली, बसली. गावात त्या घटकेला म्हातारीकोतारी आणि मी. मी हातपाय धुतले, पेटीपुढं बसलो, आणि बोट तबकडीवर ठेवलं. बोट घसरलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं. ज्वारी नाही, हरभरा नाही, मसूर नाही. पुठ्ठा सुद्धा नाही. लोखंडी पत्रा, चिंचेनं घासलेला, आरशासारखा. वर कुंकवाचा खरबरीत टिळा आणि मुठीला झेंडूची माळ. वहिनीनं चिकटलेला दाणा न् दाणा नखानं खरवडून काढला होता आणि मूठ उपसून, घासून, पुन्हा बसवली होती. मी दार वाजवलं, हाका मारल्या. पलीकडून शेजारच्या आजीनं विचारलं, काय पायजे रे. मी म्हणालो, ज्वारीचे दाणे. ती म्हणाली, भूक लागली का, येतील आता समदे. तिला कडी काढता येईना, हात वर जाईना. मी परत येऊन बसलो. खोली तेव्हा इतकी लहान झाली की माझे गुडघे भिंतीला लागत आहेत असं वाटलं. मास्तर तिकडं कानाला लावून बसले असणार. आत्ता नाही तर कधीच नाही, असं दादा म्हणाला होता, आणि दादा बोललेलं फिरवत नाही.

मास्तरांनी एक शिकवलं होतं: खुणा गेल्या तर मूठ डाव्या टोकाला नेऊन, काटा नीट बसवून, तिथून सावकाश ये. मी ते केलं नाही. मला वाटलं, मसूर कुठं होती हे माझ्या मनगटाला माहीत आहे. मनगटाला माहीत होतंच. वहिनीनं मूठ भलत्याच कोनात बसवली होती, हे मनगटाला माहीत नव्हतं. मी काटा आठवणीतल्या जागी नेला, डासाचा सूर खाली आणला, ऐकायची पेटी त्या जागेवर जुळवली, आणि काय सांगू, तिथं छान, खणखणीत मोर्स चालू होता. मला वाटलं, मास्तरांचे दोस्त जमलेत. मी मधे शिरलो. दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या, परवान्याचं सांकेतिक नाव सांगितलं, माझं नाव मुरलीधर सांगितलं, गाव ताडकळस सांगितलं, हवा छान आहे सांगितलं. पलीकडून कोणीतरी तोडून टाकल्यासारखं विचारलं, कोण आहेस. मी पुन्हा सगळं सांगितलं, सावकाश, समजावं म्हणून. तो म्हणाला, थांब. मी म्हणालो, आभारी आहे, तुम्हालाही शुभेच्छा. मग तिकडचे ठोके बंद झाले, आणि मी आनंदानं बाजेवर आडवा झालो. दार उघडलं तेव्हा दादाच्या हातात आपट्याची पानं होती. त्यानं ती माझ्या हातात दिली आणि मी म्हणालो, दादा, झालं.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले आणि म्हणाले, मी दोन तास बसलो, तुझा एक ठोका ऐकला नाही. त्यांनी तबकडीवर हात फिरवला, मग हळूच म्हणाले, "भाभीने सेटकू नहलाया." वहिनी चुलीपाशी होती, तिच्या हातातलं उलथनं थांबलं. दाणे तिनं चिमण्यांना टाकले होते. मी शपथा घेऊन सांगत होतो की मी बोललो, माणूस बोलला माझ्याशी. मास्तर माझ्या बाजूनं बोलायला लागले, पण दादानं अट त्यांच्याच कानावर ठेवली होती आणि त्यांच्या कानानं काही ऐकलं नव्हतं. दादा रागावला नाही. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पेट्या उचलून माळ्यावर नेऊन ठेवल्या. त्या पाठीवरच्या हातानं मला जेवढं कोंडलं तेवढं कडीनं कधी कोंडलं नव्हतं. मी मनाचं काहीबाही सांगतोय आणि त्याला माझी कीव आलीये, हे त्या हातात होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, कडी लागायच्या आधी, गल्लीत जीप आली. जीपमधून पोलिसांच्या वायरलेसचे एक साहेब आणि एक शिपाई उतरले. साहेबांनी उंबऱ्यातूनच विचारलं, मुरलीधर कोण. दादा पुढं झाला. साहेब थंडपणे सांगू लागले, की दसऱ्याच्या बंदोबस्ताच्या वेळी आमच्या वायरलेसवर एकजण घुसला. नाव सांगितलं, गाव सांगितलं, परवान्याचं सांकेतिक नाव सांगितलं, हवा कशी आहे ते सांगितलं. थांब म्हटलं तर आमच्या माणसाला त्यानं सणाच्या शुभेच्छा दिल्या. शिपाई खोकल्यासारखं हसला. मला भीती वाटायला हवी होती, पण, लाज वाटते सांगायला, आत एक गुदगुली झाली. मी बोललो होतो. सरकारकडं त्याची नोंद होती.

पण माय मधे पडली. "साहेब, लेकरू आंधळं हाय ओ. त्याला काय जमतंय? आमी तर बाहेरून कडी लावून गेलतो."

"मग घरात कोण होतं?"

"कोण न्हाई. निसतं ह्ये होतं."

"म्हणजे मशीन आपोआप बोललं?"

दादा म्हणाला, "जाताना माझा हात लागला आसंल, साहेब. मूठ फिरली आसंल."

"तुमचा हात लागला आणि मशीननं रामराम घातला?"

दादा तरी हटला नाही. म्हणाला, चूक माझी धरा, काय करायचं ते मला करा, ह्याला काही कळत नाही. साहेबांचा आवाज मऊ झाला. माझ्याकडं न बघताच, म्हणजे आवाज माझ्याकडं न वळवता, ते दादाला म्हणाले, की बरं, जाऊ द्या, आंधळा मुलगा आहे. पेटी कायमची बंद करून ठेवा, मी मिटवून टाकतो. मायनं हुंदका सोडला, सुटल्याचा. शिपायाचे बूट जीपकडं वळले. सगळं किती छान मिटत होतं. मला फक्त गप्प राहायचं होतं. गुन्हा सुटत होता, घर सुटत होतं, आणि मी आत राहत होतो, ज्याला काही कळत नाही आणि काही जमत नाही असा, दाराच्या आतल्या बाजूला, कायमचा.

"मी केलं, साहेब," मी म्हणालो. "दादाला मोर्सचा म सुद्धा येत नाही. चूक माझी आहे. मी तुमच्या रानात शिरलो."

मायनं माझा दंड इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "गप बस रे," ती कानात म्हणाली. साहेब परत आले. त्यांना अजून खरं वाटत नव्हतं, उलट भावाला वाचवायला पोरगं खोटं बोलतंय असं वाटत होतं. त्यांनी पेट्या खाली काढायला लावल्या आणि मला म्हणाले, दाखव. माझ्या तबकडीवर एकही दाणा नव्हता. पण या खेपेला मी घाई केली नाही. मूठ उपसली, आतला दांडा डाव्या टोकाला नेला, काटा सरळ खाली येईल अशी मूठ बसवली, आणि ऐकायच्या पेटीत सावकाश पुढं गेलो. आमच्या वरच्या बांधाला लागून एक परदेशी स्टेशन असायचं, बोलणारी बाई दर वाक्याला श्वास घ्यायची. ती सापडली. तिथून अंमळ मागं आलो, बोलायची पेटी तिथं जुळवली, आणि हात उचलला. म्हणालो, इथं माझा बांध. साहेबांनी ऐकायच्या पेटीच्या काचेतून आकडा वाचला. मग म्हणाले, आता परवा आमच्यात कुठं घुसला होतास ते दाखव. तेही दाखवलं. तिथं त्यांचाच माणूस ठोके देत होता.

"मग दसऱ्याला काय झालं होतं?"

वहिनी पदर सावरत पुढं आली. "म्या धुतला, साहेब. खंडेनवमीला. चिंच लावून."

साहेबांनी वहीची पानं चाळली. शेवटी शिपायाला म्हणाले, हे रिपोर्टात कसं लिहायचं रे. मग ते माझ्याकडं वळले. आवाज कडक होता, आणि पहिल्यांदाच सरळ माझ्या तोंडावर येत होता. "हे बघा, तुम्हाला ताकीद देतोय. खुणा पक्क्या करा, एक माणूस साक्षीला घेऊन तपासा, तोवर ठोका द्यायचा नाही. पुन्हा आमच्यात आलात तर परवानाही जाईल आणि पेटीही उचलून नेईन. कळलं तुम्हाला?" मी म्हणालो, कळलं. त्या घरात मला अहोजाहो करणारं तोवर कोणी आलं नव्हतं. ते आलं ते दम द्यायला, आणि मी तो दम मिठाईसारखा पुरवून पुरवून आठवत राहिलो. आजही आठवतो. तुम्हाला ताकीद देतोय.

जीप गेल्यावर दादा शेतात निघून गेला. त्या दिवशी कडी लावायची राहिली की लावली नाही, मला माहीत नाही. मी दाराला हात लावून पाहिलं नाही, भीती वाटली. संध्याकाळी तो माझ्या बाजेवर येऊन बसला. अंगाला घामाचा आणि तुरीच्या पाल्याचा वास येत होता.

"तू खरंच बोलला हुतास तर," तो म्हणाला.

"सांगत नव्हतो का."

"मला वाटलं, मनाचं सांगायलास." मग त्यानं मायला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, पुण्याची गाडी परभणीहून कधी असती. माय चुलीपासून म्हणाली, की तिकडं त्याला बघायला कोण आहे. दादा म्हणाला, "पोलिसापुढं कोण हुतं, माय? आपुन तर समदे खोटं बोलायलतो." मायच्या भाकरी थापायचा आवाज त्या रात्री नेहमीपेक्षा जोरात होता, आणि माझ्या भाकरीला तूप दोनदा वाढलं गेलं.

मला गाडीत बसवायला दादाच आला. बाजाराचा दिवस, स्टँडवर गर्दी, बकऱ्या, कोंबड्या, भजी. परभणीला मास्तर उतरवून घेणार होते, तिथवर मी एकटा. मायनं दिलेलं धपाट्यांचं गठुडं माझ्या काखेत, हातात नवी काठी, जी मला अजून नीट धरता येत नव्हती. कंडक्टरनं दादाला विचारलं, ह्यांच्या संगं कोण हाय.

"कोण न्हाई," दादा म्हणाला. "एकलाच जायलाय."

मी पायऱ्या चढलो, मागं बघितल्यासारखं केलं, मोकळी सीट आहे असं समजून थाटात बसलो, आणि एका बाईच्या टमाट्यांच्या पाटीत बसलो. तळाचे टमाटे फुटल्याचं मला अंगाला कळलं. बाई अशी काही ओरडली की डोळे फुटले का रे तुझे. मी म्हणालो, होय मावशी. ती एकदम गप्प झाली, सगळी गाडी गप्प झाली. दादा माझ्याच खिडकीखाली उभा होता, मला त्याचा श्वास ऐकू येत होता. त्यानं हे सगळं पाहिलं होतं. तो एक पाऊल दाराकडं गेला, वहाण करकरली, आणि तिथंच थांबली. गाडी निघेपर्यंत तो वर चढला नाही.